सोलां

“तुजी आजी येना मगो आतां?”

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोलां, म्हणजे आमसुलं, विकणाऱ्या मावशीनं विचारलं आणि माझा हात पिशवीतच थांबला.

आजीला जाऊन चार महिने झाले. ब्याण्णव वर्षं जगली. 1961 साली गोवा मुक्त झाला तेव्हा बाबा पाळण्यात होते, असं नेहमी सांगायची. मे महिन्यात भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडून, सालं मिठात आणि त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात घालायची. हात थकल्यावर विकत घेऊ लागली, पण एक सोल चाखल्याशिवाय कधीच नाही.

तिच्या हातची शेवटची सोलां कधी संपली, घरात कुणालाच आठवत नाही. याचंच फार वाईट वाटतं.

मावशीला सांगितलं. ती गप्प झाली. मग एक सोल माझ्या तळहातावर ठेवलं.

“चाखून पळय.”