शनिवारवाडा ते सिंहगड थेट अंतर: सूत्र सोपं, गोची अंशांत

पुण्यातल्या ओळखीच्या जागांमधली थेट अंतरं काढण्याच्या खटाटोपात शनिवारवाडा ते सिंहगड हा सगळ्यांत लांब टप्पा पूर्ण झाला. आकडे देतो, पडताळून पाहा.

शनिवारवाडा अक्षांश १८.५१९, रेखांश ७३.८५५. सिंहगड १८.३६६ आणि ७३.७५५. फरक अनुक्रमे ०.१५३ आणि ०.१०० अंश.

निर्देशक भूमितीतलं अंतराचं सूत्र, म्हणजे दोन्ही फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज आणि वर्गमूळ, दहावीत सगळ्यांनी केलेलं असतं. चूक होते ती त्याआधी. फरक अंशांतच ठेवून उत्तराला १११ ने गुणलं की २०.२९ किमी येतं, आणि ते चूक आहे. पुण्याच्या अक्षांशावर अक्षांशाचा एक अंश ११०.६९ किमी भरतो, रेखांशाचा मात्र १०५.६४ किमीच, कारण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात. म्हणून आधी किलोमीटर, मग वर्ग: उत्तर-दक्षिण १६.९४, पूर्व-पश्चिम १०.५६, थेट अंतर १९.९६ किमी.

१०५.६४ आला कुठून? १११.३६ गुणिले सरासरी अक्षांशाचा कोसाइन. इथेच एक्सेल फसवतं. त्याला कोन अंशांत नाही, रेडियन या दुसऱ्या एककात लागतो. थेट १८.४४ दिले तर ०.९१७ मिळतो, खरा आकडा ०.९४९. चूक उत्तर बरोबर उत्तराच्या इतकं जवळ पडतं की शंकाच येत नाही, आणि अंतर सुमारे १८० मीटरने कमी निघतं. उत्तर ऋण किंवा भलतंच आलं असतं तर लगेच कळलं असतं. त्यामुळे कोसाइनसाठी वेगळा रकाना ठेवा आणि तो ०.९४ ते ०.९५ मध्ये आहे ना, ते डोळ्यांनी बघा.

दुसरी हमखास चूक: १८ अंश ३१ मिनिटं हे १८.३१ असं भरणं. ३१ ला ६० ने भागायचं, म्हणजे १८.५१७. नाहीतर शनिवारवाडा २३ किमी दक्षिणेला सरकून थेट सिंहगडाच्याही पलीकडे जातो.

हॅवरसाइनने, म्हणजे गोलावरचं अंतर काढायच्या सूत्राने, २०.०२ किमी येतात. ते सूत्र पृथ्वीला ६३७१ किमी त्रिज्येचा पक्का गोल धरतं, म्हणून साठेक मीटर जास्त. वक्रतेची काळजी मात्र सोडून द्या. वीस किमीवर कंस आणि जीवा यांत जेमतेम ८ मिलिमीटरचा फरक पडतो.

उंचीचंही तसंच. गड शहरापेक्षा साधारण ७५० मीटर उंच, तरी तिरकं अंतर फक्त १४ मीटरने वाढतं. पर्वतीसारख्या जवळच्या टेकडीवर हिशोब बदलतो: आडवं अंतर २०० आणि चढ ८० मीटर धरला तर तिरकं २१५ भरतं. तिथे उंची गाळली तर सुमारे सात टक्के गेले.

कागदी नकाशावर पडताळायचं तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५ या दोन शीट लागतात, कारण १८ अंश ३० मिनिटांची रेषा मधून जाते. जोड नीट बसवला तर पट्टीवर ४० सेंटीमीटरच्या किंचित आत भरतं. एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर, त्यामुळे समास कापताना हात जपून. जुन्या शीटचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट लंबगोलावरचे (पृथ्वीचा आकार मानायची जुनी पद्धत) असतात आणि मोबाइलचे डब्ल्यूजीएस-८४ या जीपीएसच्या पद्धतीवरचे. दोन्ही बिंदू एकाच पद्धतीचे असतील तर सरक कटते. एक नकाशावरून, दुसरा मोबाइलवरून घेतला तर शंभरेक मीटर गेलेच.

इथले निर्देशांक तीनच दशांश स्थळांचे आहेत, म्हणजे प्रत्येक बिंदूत दोन्ही दिशांना प्रत्येकी ५५ मीटरपर्यंत ढिलाई, आणि म्हणून १९.९६ मधला शेवटचा ६ फार मनावर घेऊ नका. पुढच्या फेरीत पाच स्थळं हवीत. त्याआधी गडावरचा बिंदू ठरवायला हवा: पुणे दरवाजा, कल्याण दरवाजा की दूरदर्शनचा मनोरा? शहरातून दिसतो तो मनोरा, तोच घेतलेला बरा.