आमची वाटचाल: पंप दुरुस्तीपासून एसटीपी चालवण्यापर्यंत

आमची सुरुवात झाली पंप दुरुस्तीतून. सांडपाण्याच्या पंपाला हात लावायला सहसा कोणी तयार नसतं, त्यामुळे कामाचा तुटवडा कधी पडला नाही. पंप उघडला की इम्पेलरमध्ये, म्हणजे आतल्या फिरत्या चाकात, चिंध्या, केस, प्लास्टिक आणि ते ओले वाइप्स, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते पाण्यात विरत नाहीत, पीळ पडून बसतात. दुरुस्त करून दिलेला पंप थोड्याच दिवसांत परत दारात, मग लक्षात आलं की दुखणं पंपाचं नाहीच, आधीची बारस्क्रीनच, म्हणजे कचरा अडवणारी गजांची जाळी, कोणी साफ करत नाही. म्हणून स्क्रीन आणि वाळू-रेती खाली बसवणाऱ्या ग्रिट चेंबरचं काम पण घ्यायला लागलो आणि असं करत करत अख्खा एसटीपीच, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, चालवायला घेतला.

एसटीपी म्हणजे मशिनरी असं बऱ्याच जणांना वाटतं, पण पाणी साफ करतात ते जिवाणू, आपण त्यांना हवा द्यायची आणि त्यांची उपासमार किंवा अजीर्ण होऊ द्यायचं नाही, बस. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही पद्धत मांडली, अजूनही जगभर मुख्यतः तीच चालते. टँकमध्ये डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास लागतो, आणि प्लांटच्या विजेतला साधारण निम्मा वाटा हे हवा देणारे ब्लोअरच खातात. मग बिल कमी करायचं म्हटलं की पहिला डोळा ब्लोअरवर. एका ठिकाणी आम्ही काम हातात घेतलं तेव्हा रात्री ब्लोअर चक्क बंद असायचे, सॅम्पल दिवसा घेतलं जायचं त्यामुळे कागदावर सगळं छान! आम्ही तिथे डीओ सेन्सर लावला, ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) जोडला, म्हणजे लोड कमी असेल तेव्हा ब्लोअर हळू फिरतो पण थांबत नाही. टँकच्या तळाशी हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे डिफ्यूझरसुद्धा बदलले. डिफ्यूझर फाटलाय हे ओळखायला काही मीटर लागत नाही, सगळीकडे बारीक बुडबुडे आणि एकाच जागी पाणी खदखदतंय, की तिथे खाली डिफ्यूझरचं मेम्ब्रेन (बारीक भोकांचा पडदा) गेलं समजायचं.

आमच्या प्रत्येक ऑपरेटरला पहिल्यांदा जार टेस्ट शिकवतो. टँकमधलं पाणी एक लिटरच्या जारमध्ये भरायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. गाळ, म्हणजे जिवाणूंचेच पुंजके, तपकिरी, वास ओल्या मातीचा, २००-२५० मिलीपर्यंत खाली बसला आणि वरचं पाणी निवळ, तर ठीक. तोच फुगून ७००-८०० वर अडकला तर तंतूसारखे जिवाणू माजलेत, हवा कमी पडतेय का बघा. बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण संपवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचा, रिपोर्ट यायला ५ दिवस लागतात, तोवर ते पाणी नदीत कुठल्या कुठे गेलेलं असतं, म्हणून आमचा भरवसा रोजच्या जारवर.

नदीचं एक सांगायचं राहिलं. घाण पाणी सोडलं की ऑक्सिजन तिथेच सगळ्यात कमी होत नाही, खाली बऱ्याच अंतरावर होतो. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीवर काम करून १९२५ मध्ये याचं गणितच मांडलं. त्यामुळे मासे मरतात दुसरीकडे आणि प्लांटवाल्याला कोणी विचारत पण नाही. त्यात अमोनिया आला की अजून वाईट, एक ग्रॅम अमोनिया नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो, तो टँकमध्ये दिला नाही तर नदीतून जातो. हे काम करणारे जिवाणू वाढतात पण फार सावकाश, गाळ भराभर काढून टाकला की तेच आधी संपतात, आणि म्हणून गाळाचं वय, म्हणजे गाळ सरासरी किती दिवस प्लांटमध्ये राहतो ते, सांभाळणं हे आमच्या कामातलं सगळ्यात किचकट काम.

नुसतं मशीन बसवून द्या असली कामं आता आम्ही घेत नाही, पैसे त्यात लवकर सुटतात हे मान्य. नवीन ठिकाणी गेलो की पहिला प्रश्न, जादा गाळ कुठे जातो? नीट उत्तर मिळालं नाही तर तिथूनच परत फिरतो, कारण न काढलेला गाळ शेवटी क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवून वरचं पाणी सोडणारी टाकी) वाहत नदीतच जाणार आणि रोजच्या लॉगशीटवर सही आमच्या माणसाची असणार.