पिशवीतल्या गोळ्या

उसाचा हंगाम होता. बीडकडचा एक ऊसतोड कामगार बायकोसोबत पहाटे वॉर्डात आला. डोळे पिवळसर, सारख्या उलट्या. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: कावीळ. मलाही तेच वाटलं. मग रिपोर्ट हातात आला. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, 6,000च्या वर. एवढा आकडा दिसला की औषधाची विषबाधा आधी आठवावी लागते.

"ताई, कुठल्या गोळ्या घेतल्या यांनी?"

त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. रिकाम्या स्ट्रिप्सचा ढीग पडला. तापाच्या, अंगदुखीच्या, सर्दीच्या. नावं वेगवेगळी, पण प्रत्येकीत पॅरासिटामॉल.

"दाढ ठणकत होती, डागदरसाहेब. तीन दिवस पोटात घास नाही. गोळी खायचे अन् पुन्हा कोयता धरायचे."

दिवसाला 4 ग्रॅमच्या वर जायचं नसतं. हिशेब केला, तो 8च्या आसपास गेला. पण मला जास्त खुपला तो उपास. लिव्हरच्या पेशीत ग्लुटाथायोन नावाचं इवलंसं पेप्टाइड असतं. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन ही तीनच अमिनो आम्लं जोडून झालेलं. पॅरासिटामॉलचा थोडा भाग लिव्हरमध्ये विषारी होतो. त्या विषाला ग्लुटाथायोन आपल्या गंधकाने धरतं आणि निकामी करतं. साठा आटला की तेच विष पेशीतल्या प्रथिनांना चिकटतं आणि पेशी मरायला लागतात. खाणंच बंद, तर नवं ग्लुटाथायोन बनणार कशातून?

सिस्टर म्हणाल्या, "सर, ग्लुटाथायोन म्हणजे ते गोरं होण्याचं इंजेक्शन ना? तेच लावू या की."

ते अख्खं पेशीत नीट शिरत नाही. पेशीला कच्चा माल द्यावा लागतो, एन-ॲसिटिलसिस्टीन. वजन 52 किलो. पहिल्या तासात किलोमागे 150 मिलिग्रॅम, म्हणजे 7.8 ग्रॅम. अँप्युल फोडली की सडक्या अंड्यासारखा वास येतो; तो गंधकाचा. त्या पहाटे मला तो वास चक्क बरा वाटला. पुढे 4 तासांत किलोमागे 50 मिलिग्रॅम, नंतर 16 तासांत 100. गोळ्या पोटात गेल्यापासून 8 तासांच्या आत हे औषध मिळालं, तर लिव्हर जवळजवळ नक्की वाचतं. इथे तीन दिवस उलटले होते. म्हणून ठरलेले तास संपले तरी मी ते बंद केलं नाही, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर होतोय ते सांगणारा आकडा, उतरेपर्यंत चालू ठेवलं.

तो आकडा तिसऱ्या दिवशी उतरायला लागला. पाचव्या दिवशी राउंडला गेलो, तेव्हा ताई दुधात भाकरी कुस्करत होत्या आणि ते डावी दाढ जपत एकेक घास गिळत होते.