बोलेरोतला सीबी: रंग खरवडला आणि काटा खाली आला

सीबीचा (सिटिझन बँड, म्हणजे गाडीतून गाडीत बोलायचा रेडिओ) सेट बसवून पाच महिने होत आले. वहीत नोंदी भरपूर आहेत, पण निम्म्या ग्रीस लागून वाचता येत नाहीत. म्हणून ज्या वाचता येतात त्या इथे मांडतो. सीबी गाडीत बसवायचा विचार करणाऱ्या कुणाचे दोन रविवार वाचले तरी पुष्कळ.

आधी कारण. 2019 च्या महापुरात कोल्हापूरला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा आम्ही दोन गाड्यांनी दोन टोकांना अडकलो होतो. मी अलीकडे, दाजी पलीकडे. फोन लागला तर लागला, नाहीतर नाही, आणि बॅटरी जपायची म्हणून तोही बंद ठेवायचा. तेव्हापासून डोक्यात होतं की गाडीच्या बॅटरीवर चालणारं, मधल्या टॉवरवर अवलंबून नसलेलं काहीतरी पाहिजे. शिवाय गगनबावडा, दाजीपूर अशा फेऱ्यांत दोन-तीन गाड्या असतात आणि घाटात मोबाइलची रेंज जाते, हे वेगळं सांगायला नको.

हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना काढायचा तर परीक्षा द्यावी लागते. मी देईनही, पण दाजी देणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून सीबी. आपल्याकडे 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, 5 वॅट इआरपीच्या (अँटेनातून बाहेर पडणाऱ्या ताकदीच्या) मर्यादेत, वापराला परवाना लागत नाही. तरी नियमाचा मूळ मजकूर स्वतः वाचा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे व्हीएचएफ-यूएचएफ वॉकी-टॉकी या सवलतीत बसत नाहीत, त्यांची सरमिसळ करू नका.

इथे एक बारकावा आहे. सेटवर 40 चॅनल दिसतात, ती अमेरिकन मांडणी आहे. चॅनल 1 म्हणजे 26.965 आणि चॅनल 40 म्हणजे 27.405. आपला पट्टा 27.283 ला संपतो, म्हणजे चॅनल 27 (27.275) हे शेवटचं. 28 वं 27.285 वर आहे, ते गेलं बाहेर. आम्ही सेटवर पांढऱ्या पेनानं "27 च्या पुढं जाऊ नये" असं लिहून ठेवलंय. दाजींच्या सेटवर ताईनं लिहिलंय, त्यामुळे ते जास्त पाळलं जातं.

वायरिंग

हे काम एका दुपारीत झालं. सेटला बोलताना साधारण 2 अँपिअर लागतात, ऐकताना त्याहून कितीतरी कमी. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून करंट घ्यायचा मोह होतो, मलाही झाला. आठवडाभर तसं चालवलं. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून शिट्टी, ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी वर चढायची. हा अल्टरनेटरचा आवाज. मग दोन्ही वायरी सरळ बॅटरीपर्यंत नेल्या, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घातला. फ्यूज बॅटरीजवळच हवा. सेटजवळ घातला तर मधली वायर कुठे घासून बॉडीला लागली की वाचवणारं कुणी नाही. शिट्टी नव्वद टक्के गेली.

उरलेली दहा टक्के शिट्टी नव्हतीच, खरखर होती. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतो, मग खरखर येते कुठून म्हणून तीन दिवस डोकं खाल्लं. शेवटी फोनचा चार्जर सॉकेटमधून उपटला आणि सगळं शांत. आता बोलायचं असेल तेव्हा चार्जर काढून ठेवतो. चांगला चार्जर आणला की हा प्रश्न सुटेल असं म्हणतात, अजून आणलेला नाही.

अँटेना: इथेच सगळी गोम आहे

27 मेगाहर्ट्झची लहर 11 मीटरची. पाव लहरीची अँटेना घ्यायची म्हटलं तर पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. एवढी काठी बोलेरोच्या टपावर लावून महाद्वार रोडनं जायचं म्हणजे वरच्या केबलींचं काय खरं नाही. म्हणून चार फुटी, बुडाला कॉइल असलेली घेतली. कॉइल लांबीची उणीव भरून काढते, पण फुकट नाही. ताकद थोडी कमी होते आणि अँटेना फार नाजूक ट्यून होते, बोटभर फरकानं बिघडते.

ब्रॅकेटसाठी उद्यमनगरात गेलो. आमच्या ओळखीचे मिस्त्री आहेत, लेथवर काहीही करून देतात. काठी बघून म्हणाले, "काय सायेब, मासं धराय जाताय काय?" मी रेडिओ आहे म्हणून सांगितलं. "मग रेडिओ आत, ह्यो दांडा भाईर कशाला?" पण ब्रॅकेट असलं करून दिलं की नाद खुळा. 5 एमएमची पट्टी, कोपरे गोल घासलेले, कॅरियरच्या पाइपला बसेल असा क्लँप.

तो क्लँप कॅरियरवर आवळला, केबल ओढली, एसडब्ल्यूआर मीटर मध्ये लावला आणि बटण दाबलं. काटा तीनच्या पलीकडे, लाल भागात. लगेच बटण सोडलं.

ज्यांना हा मीटर नवा आहे त्यांच्यासाठी. सेट जेवढी ताकद वर पाठवतो त्यातली काही अँटेनाकडून परत येते. काटा 3 वर म्हणजे चौथा हिस्सा परत. 1.5 वर म्हणजे शंभरातले फक्त 4. परत आलेली ताकद सेटच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला तापवते. तीनच्या वर असताना गप्पा मारत बसलात तर सेट जाणार. अँटेना न लावता बटण दाबणं तर पापच.

पहिला संशय कनेक्टरवर घेतला, कारण तो मी स्वतः डाग दिलेला होता. माझा 25 वॅटचा सोल्डरिंग आयर्न पीएल-259 च्या (त्या कनेक्टरच्या) जाड पितळी अंगाला पुरत नाही, तो गरमच होत नाही, शिसं नुसतं मण्यासारखं वर बसतं. मल्टिमीटर लावला तर खरंच, केबलच्या जाळीची एक केसाएवढी तार मधल्या पिनला चिकटलेली. मोठा आयर्न मागून आणून परत केला. काटा? तीनच्या पलीकडेच.

दुसरा रविवार पण असाच गेला. काठी वर केली, खाली केली, फरक नाही. संध्याकाळी मिस्त्रींकडे चहाला थांबलो होतो. त्यांना रेडिओतलं ओ की ठो कळत नाही, पण ते कॅरियरला हात लावून म्हणाले, "सायेब, ह्याला पावडर कोटिंग हाय. आन खाली रबर. ह्यातनं अर्थिंग जातंय का?"

जात नव्हतं. अँटेना म्हणजे फक्त काठी नव्हे. काठी हा अर्धा भाग, खालचा गाडीचा पत्रा हा दुसरा अर्धा. माझा कॅरियर पावडर कोटिंगमुळे ब्रॅकेटपासून तुटलेला आणि रबरी पायांमुळे टपापासून तुटलेला. काठी अधांतरी उभी होती. मी दोन रविवार काठीकडे बघत होतो, चूक काठीच्या खाली होती.

मग क्लँपखालचा रंग पार चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घातले, आणि कॅरियरच्या दोन्ही बाजूंनी तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या आत घेऊन बॉडीच्या बोल्टला जोडल्या. तिथलाही रंग खरवडला. अशीच एक पट्टी बॉनेट ते बॉडी, कारण बिजागरी म्हणजे पक्कं अर्थिंग नव्हे. मल्टिमीटरवर ब्रॅकेट ते बॅटरी निगेटिव्ह: जवळजवळ शून्य ओहम.

गाडी मोकळ्या मैदानात नेली. भिंतीजवळ किंवा शेडमध्ये घेतलेलं रीडिंग खोटं असतं, दारं उघडी असली तरी बदलतं. वहीतली नोंद अशी:

चॅनल 1 – 1.6, चॅनल 14 – 1.9, चॅनल 27 – 2.3.

वरच्या चॅनलला जास्त म्हणजे काठी लांब. खालच्या चॅनलला जास्त असतं तर आखूड. एवढं एक लक्षात ठेवलं की बाकी स्क्रू सैल करून दोन-तीन मिलिमीटर सरकवायचं, दारं लावायची, परत बघायचं. सहाव्या खेपेला: 1.5, 1.2, 1.4. लय झालं.

कुठवर ऐकू येतं

दाजींच्या गाडीला टपाच्या मधोमध चुंबकी बूड लावलंय. तेच सगळ्यात सोपं, आणि टपाचा सगळा पत्रा खाली मिळतो. माझ्यासारखा शहाणपणा करायची गरज नव्हती.

मी रंकाळ्यावर उभा, दाजी गगनबावडा रोडनं निघाले. बालिंग्यापर्यंत स्वच्छ, दोनवडेपुढे तुटक, कळ्याला शांतता. शहरात महाद्वार-गुजरी भागात मात्र दोन किलोमीटरही कठीण. इमारती आडव्या आणि शेकडो चार्जर, एलईडी यांची खरखर. भुईबावडा घाटात तर एक डोंगर मध्ये आला की किलोमीटरभरावर पण तुटतं, नागमोडीच्या पुढच्या वळणावर परत येतं.

आणि पन्हाळा. दाजी सज्जाकोठीपाशी जिथवर गाडी जाते तिथे थांबलेले, मी रंकाळ्याच्या काठी. सरळ रेषेत 17-18 किलोमीटर असेल. मला वाटलं खरखरीतून अर्धं वाक्य मिळेल. दाजींचा आवाज शेजारच्या गाडीतून आल्यासारखा: "पावणं, हितं थंडी लय हाय. येताना मिसळ बांधून आना." तेवढ्याच 4 वॅटमध्ये सपाटीला आठ किलोमीटरवर दमतो तो सेट. उंची असली की बाकी सगळं माफ.

रोजच्या कामात खरा उपयोग ऊसाच्या हंगामात झाला. पुढची गाडी सांगते, "ट्रॉली दोन, लाइट नाही, डावीकडं." मागच्यानं ओव्हरटेकची घाई करायची नाही. फोनवर हे जमत नाही, लागेपर्यंत ट्रॉली मागे पडलेली असते. बोलायची शिस्त थोडी लागते: बटण दाबून क्षणभर थांबायचं, मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. माइक तोंडापासून चार बोटं. शेवटी आम्ही "ओव्हर" ऐवजी "बोला" म्हणतो.

या शिस्तीचं महत्त्व राधानगरीच्या रस्त्यावर कळलं. दाजींच्या मांडीखाली माइकचं बटण दबून राहिलं. सीबीवर एक बोलतो तेव्हा दुसऱ्यानं ऐकायचंच, मध्ये तोंड घालता येत नाही. त्यामुळे पुढची सात-आठ मिनिटं आम्ही माझ्या गाडीत ताई-दाजींचं, माझ्या लग्नात कुणाचा मान राहिला याबद्दलचं भांडण मुकाट ऐकलं. दाजी तेव्हापासून माइक आरशाला अडकवतात. ताई माझ्याशी चार दिवस बोलली नाही, जसं काही बटण मी दाबलं होतं.

दोन विचित्र आवाज

एक: आमच्या गल्लीत संध्याकाळी पाच ते आठ चॅनल 13-14 वर जाडसर गुंजारव यायचा. रविवारी बंद. गाडी हळूहळू चालवत शोधलं तर फिजिओथेरपीच्या दवाखान्यासमोर सगळ्यात जोरात. मग उलगडलं. शॉर्टवेव्ह डायथर्मीचं (रेडिओ लहरींनी शेकायचं) यंत्र 27.12 वर चालतं, आणि आपला सीबीचा पट्टा म्हणजे त्याच 27.12 च्या दोन्ही बाजूंना 163 किलोहर्ट्झ. उद्योग-दवाखान्यांच्या यंत्रांसाठी राखलेली जागा ती, आपण तिथे भाडेकरू. तक्रार कुणाकडे करणार? आजीचे गुडघे पण तिथेच शेकतात.

दोन: मार्चमधल्या एका दुपारी दीडच्या सुमारास, गाडी कळंब्याला उभी, स्क्वेल्च (नुसती खरखर दाबून ठेवणारी सोय) पूर्ण उघडा. अचानक दोन माणसं बोलताना. भाषा ओळखीची नाही, आवाज लाटेसारखा मोठा-लहान होणारा. दहा मिनिटांत गायब. वातावरणाच्या वरच्या थरावर, आयनोस्फिअरवर, आपटून आलेलं, शेकडो-हजारो किलोमीटर लांबचं. सूर्यावर डाग जास्त असले की या पट्ट्यात असं होतं. मी बटण दाबलं नाही, नुसता ऐकत बसलो. दाजींना सांगितलं तर म्हणाले, "सांगलीचं असतील."

आता चालू आहे ते

तिसरा सेट मित्राच्या जीपला बसवतोय. तिला फायबरचं टप आहे, म्हणजे खाली पत्राच नाही. चुंबक चिकटणार नाही आणि चिकटवला तरी उपयोग नाही. बॉनेटच्या कडेला ब्रॅकेट लावून बघणार. कुणी असल्या टपाखाली पत्रा किंवा जाळी घालून केलं असेल तर रीडिंग्ज कळवा.

माझ्या गाडीवर पावसाळ्याआधीचं काम म्हणजे वरच्या कनेक्टरमध्ये पाणी जाऊ न देणं. केबलच्या जाळीत पाणी शिरलं की ते आतून खाली झिरपतं आणि मग अख्खी केबल बदलावी लागते. आपोआप चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळली, म्हणजे पदर कौलांसारखे बसतात. शिवाय बुडाशी केबलला खाली झोका दिला, थेंब तिथून गळावेत म्हणून. परवा वळीव झोडपून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम मीटर लावला: 1.5, 1.2, 1.4. खरवडलेल्या जागी मात्र गंजाचा पहिला ठिपका आलाय, तिथे ग्रीस लावायचं राहिलं होतं.