घरच्या पटावर बुद्धिबळ शिकलेल्यांसाठी लीचेस

ऑनलाइन गेम म्हटलं की हेडफोन लावून बसलेली कॉलेजातली मुलं डोळ्यांपुढे येतात. पण लहानपणी आजोबांकडून बुद्धिबळ शिकलेली आणि नंतर वर्षानुवर्षं पटाला हातही न लागलेली माणसं घरोघरी आहेत. लीचेस ही साइट खरी त्यांच्या कामाची. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने ती २०१० मध्ये सुरू केली. ती देणग्यांवर चालते, त्यामुळे जाहिरात नाही, पैसे भरल्यावर उघडणारं काही नाही आणि रमीच्या ॲपसारखा पैशांचा डावही नाही. खातं न उघडताही खेळता येतं.

अडतं ते नियमांपाशी. घरी प्यादं एकेक घरच चालायचं, इथे पहिल्या चालीला ते दोन घरं जाऊ शकतं. असं दोन घरं आलेलं प्यादं तुमच्या प्याद्याला खेटून शेजारी थांबलं, तर ते एकच घर आलंय असं धरून तुम्ही लगेचच्या चालीत ते तिरकं मारू शकता. हा ‘एन पासान’. तो अंगावर आला की साइटने फसवलं असंच वाटतं. घरी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मिळायची, ती विसरा. त्याऐवजी किल्लेकोट आहे. राजा आणि हत्ती एकदाही हललेले नसावेत, मधली घरं रिकामी असावीत, राजाला शह नसावा, आणि तो ज्या घरावरून जाणार व जिथे बसणार तिथे मारा नसावा. मग राजा दोन घरं बाजूला सरकवा, हत्ती आपोआप पलीकडे येतो. शेवटच्या घरी पोचलेलं प्यादंही कुठल्याही रांगेत असलं तरी वजीर होऊ शकतं.

जिंकत आलेले डाव हातचे जातात ते मात्र शेवटी. समोर एकटा राजा उरलाय, त्याला शह नाही आणि हलायला घरही नाही, तर डाव बरोबरीत सुटतो, तुमच्याकडे दोन वजीर असले तरी. म्हणून त्या टप्प्यावर शह देत नसाल, तर त्याला एक तरी घर मोकळं आहे ना, हे प्रत्येक चालीआधी बघा.

घड्याळाचं गणित सोपं आहे. १०+० म्हणजे प्रत्येकाला दहा मिनिटं. १५+१० म्हणजे पंधरा मिनिटं आणि दर चालीमागे दहा सेकंदांची भर. परत सुरुवात करणाऱ्याने १५+१० च घ्यावा. ३+० मध्ये डोकं चालायच्या आधी वेळ संपते, आणि वेळ संपली की सहसा डावही गेला.

फोनवर आणखी एक घोटाळा होतो. समोरच्याची पाळी असताना बोट लागलं की ती चाल नोंदवून ठेवली जाते आणि तुमची पाळी येताच खेळली जाते. खातं असेल तर ‘गेम बिहेविअर’ सेटिंगमध्ये प्रीमूव्ह बंद करा.

रेटिंग १५०० पासून सुरू होतं. पुढे प्रश्नचिन्ह असेपर्यंत ते कच्चं असतं, एका हरण्याने धाडकन खाली येतं. तो नवख्याचा अपमान नव्हे, तुमची पातळी शोधायची ती रीत आहे. तरी आकडा जाचत असेल तर ‘डिस्प्ले’ सेटिंगमधून रेटिंग लपवता येतं. अनोळखी माणसाशी खेळायचा धीर होत नसेल तर कॉम्प्युटरच्या १ ते ८ पातळ्या आहेत. १ वर तो मुद्दाम वाटाव्या अशा चुका करतो.

सगळ्यात सुंदर सोय आहे पत्रव्यवहाराच्या डावाची. त्यासाठी दोघांचंही खातं लागतं. एका चालीला १ ते १४ दिवस मुदत ठेवायची आणि आव्हानाची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवायची. वडील सांगलीत आणि मुलगी कॅलिफोर्नियात असली तर तीन दिवसांची मुदत पुरते: त्यांनी सकाळच्या चहाला उंट हलवावा, तिने स्वतःच्या सवडीने उत्तर द्यावं.