तीन वार्तापत्रे, एक नोंदवही : आमची वाटचाल

आम्ही छोटे व्यावसायिक आणि हाउसिंग सोसायट्या यांच्यासाठी मराठीतून ईमेल वार्तापत्रे काढतो. एक जीएसटीचे, दुसरे पगार, पीएफ आणि ईएसआयसीचे, तिसरे सोसायटीच्या कारभाराचे. ती एकामागून एक सुरू झाली, त्यामुळे प्रत्येकाची यादी वेगळी, पाठवणारा पत्ता वेगळा आणि नोंदणीचा फॉर्मही वेगळा राहिला. दुकानाचे हिशेब पाहणारा अकाउंटंट बऱ्याचदा आपल्या सोसायटीचा खजिनदारही असतो. त्याने एका यादीतून नाव काढले तरी उरलेल्या दोन ठिकाणांहून पत्रे येतच राहतात आणि शेवटी तो ‘स्पॅम’चे बटण दाबतो. म्हणून तिन्ही पत्रे एकाच प्रकाशनाखाली आणली. पत्रे तीनच ठेवली, नोंदवही मात्र एक केली.

ईमेल वार्तापत्रे पाठवण्याच्या सबस्टॅक आणि घोस्ट या दोन सेवा आम्ही पाहिल्या. सबस्टॅकवर एका प्रकाशनात ‘सेक्शन’ म्हणजे विभाग करता येतात. वाचक हवा तो विभाग सुरू-बंद करतो, पण सशुल्क वर्गणी सगळ्या प्रकाशनाची मिळून एकच असते. घोस्टमध्ये 2022 सालच्या 5.0 आवृत्तीपासून एका साइटवर अनेक न्यूजलेटर चालवता येतात. प्रत्येकाला स्वतःचे नाव, पाठवणाऱ्याचे नाव आणि रंगरूप देता येते, शिवाय वर्गणीचे वेगवेगळे स्तर ठेवता येतात. सोसायटीच्या पत्राची वर्गणी वेगळी ठेवायची असल्याने आम्ही घोस्ट घेतले.

खरे काम याद्या जुळवण्याचे. तिन्ही याद्या एका शीटमध्ये घेतल्या, ‘ट्रिम’ आणि ‘लोअर’ या सूत्रांनी पत्त्यांतल्या मोकळ्या जागा आणि कॅपिटल अक्षरे काढली, मग एका पत्त्याला एकच ओळ ठेवली. पुढचे रकाने : जीएसटी हो/नाही, पगार हो/नाही, सोसायटी हो/नाही, संमतीची तारीख, कोणत्या फॉर्मवरून आला. नावे काढलेल्यांची यादी सर्वांत आधी लावायची. हा क्रम चुकला की दोन वर्षांपूर्वी निरोप घेतलेला माणूस पुन्हा यादीत येतो. एका पत्रातून नाव काढले असेल तर तेवढ्याच रकान्यात ‘नाही’. मात्र स्पॅमची तक्रार आली असेल किंवा पत्ताच बंद पडला असेल, तर तिन्ही रकान्यांत ‘नाही’. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती ठरावीक हेतूपुरतीच धरतो. जीएसटीच्या पत्रासाठी दिलेला पत्ता सोसायटीच्या पत्राला जोडणे आम्हाला त्याआधीही योग्य वाटत नव्हते.

यादी चढवताना एक सेटिंग नक्की पाहावे. नव्या सदस्याला आपोआप जोडण्याचा पर्याय प्रत्येक न्यूजलेटरला असतो. तो तिन्हींना चालू राहिला तर सोसायटीच्या सचिवाला पीएफचे पत्र जाऊ लागते. आधी आपलेच दहा पत्ते चढवून तपासावेत, मग पूर्ण यादी.

फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरोखर त्याच डोमेनवरून, म्हणजे @ नंतरच्या नावावरून, आला आहे हे पटवणाऱ्या नोंदी) आणि एका क्लिकवर नाव काढण्याची सोय बंधनकारक केली. जीमेलच्या लेखी दिवसाला 5,000 मेल म्हणजे मोठे प्रमाण, पण त्याखाली असलो तरी हे करावेच. स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांपर्यंत जाता कामा नयेत, 0.1 च्या आत राहिलेल्या बऱ्या. तीन पत्रे एका डोमेनवर आली की तक्रारही सामाईक होते. एका पत्राने वाचक चिडले, तर उरलेली दोनही स्पॅममध्ये जाऊ लागतात. आणखी एक चूक सर्रास दिसते : जुन्या सेवेची एसपीएफ नोंद (डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतो त्याची यादी) तशीच ठेवून नव्या सेवेची दुसरी टाकली जाते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते, दोन झाल्या की तपासणीच नापास होते. दोन्ही सेवा एकाच ओळीत लिहाव्यात. डीमार्क आधी ‘नन’वर (नापास मेलवर काहीही कारवाई नको) ठेवून अहवाल पाहावेत, मगच कडक करावे.

वेळापत्रक दर महिन्याच्या शेवटच्या तारखांनीच ठरवले. 7 ला टीडीएस (कापून घेतलेला आयकर) भरणे, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचे विवरणपत्र), 15 ला पीएफ आणि ईएसआयसी, 20 ला जीएसटीआर-3बी (कर भरण्याचे गोषवारा विवरणपत्र). जीएसटीचे पत्र 5 आणि 16 ला जाते, पगाराचे 9 ला, सोसायटीचे 25 ला. एका पत्त्यावर एका दिवशी एकच पत्र, हा नियम. मुदतवाढीची अधिसूचना ऐन शेवटच्या दिवशी आली की तिन्ही याद्यांना कळवण्याचा मोह होतो. तो आवरायचा आणि ज्या पत्राचा तो विषय आहे त्याच वाचकांना चार ओळींचे पत्र पाठवायचे.

सगळ्यांत जास्त विचार लागला तो दोन पत्रांत बसणाऱ्या विषयांना. सोसायटीच्या मेंटेनन्सवरचा जीएसटी घ्या. दर सभासदामागे महिना 7,500 रुपयांपर्यंत सूट आहे. रक्कम त्यापुढे गेली तर कर पूर्ण रकमेवर, असे जुलै 2019 च्या परिपत्रकात म्हटले होते. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने फक्त वरच्या रकमेवर, असे म्हटले. हा लेख दोन पत्रांसाठी दोनदा चढवला असता, तर निकालानंतर एक दुरुस्त झाला असता आणि दुसरा तसाच राहिला असता. सचिवाने नेमका तोच उघडून बिले काढली, तर नुकसान सभासदांचे. म्हणून लेख साइटवर एकदाच, त्याचे मुख्य पत्र एकच. दुसऱ्या पत्रात दोन ओळी आणि दुवा. दुरुस्ती झाली की लेखाच्या माथ्यावर तारीख घालतो. गेलेला मेल बदलता येत नाही, पण दुव्यावरचे पान बदलता येते.

मराठी पत्रांना आकाराची अडचण लवकर येते. जीमेल साधारण 102 केबीपुढचा मेल कापतो. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, काना-मात्रा धरून. त्यात वर्डमधला तक्ता थेट चिकटवला की रंग आणि फॉन्टचा अदृश्य कोडही सोबत येतो. पत्र कापले गेले की तळाचा ‘नाव काढा’ दुवा दिसत नाही आणि वाचक स्पॅमचे बटण दाबतो. आम्ही मजकूर साधा करून चिकटवतो, तक्ते साइटवर ठेवतो आणि जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घेतो.

किती जणांनी पत्र उघडले या आकड्यावर निर्णय घेणे आम्ही सोडले. 2021 पासून ॲपलचे मेल ॲप, गोपनीयतेची सोय चालू असेल तर, चित्रे स्वतःच आधी उतरवून घेते. त्यामुळे न वाचलेले पत्रही उघडलेले दिसते. दुव्यावरचे क्लिक आणि आलेली उत्तरे पाहतो.

आता पतसंस्थांसाठी चौथे पत्र येत आहे. आहे त्या सदस्यांना त्यात आपोआप जोडण्याचा पर्याय बंद ठेवला आहे. तिन्ही पत्रांच्या तळाशी महिनाभर दोन ओळींची सूचना राहील. ज्याला हवे तो आपल्या खात्यात जाऊन चौथा रकाना स्वतः चालू करील.