नुसतं बोलून काय होतं, तुम्ही विचारलंत म्हणून

"पैसे देऊन बोलायला जातेस, त्यापेक्षा आमच्याशी बोल की." बडोद्याच्या दांडिया बाजारात प्रत्येक हळदीकुंकवाला हे ऐकलंय, म्हणून एकदाच नीट लिहिते.

मी जाते ती सीबीटी, म्हणजे आपले विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी मानसिक थेरपी. तिच्यात नुसतं बोलणं नसतं हो. घरचा अभ्यास असतो, वही असते. काय झालं, मनात काय आलं, त्यावर १०० पैकी किती विश्वास, पुरावा काय. आणि "पॉझिटिव्ह विचार कर" हे मला तिथे एकदाही कोणी सांगितलं नाही, ते फक्त नातेवाईक सांगतात.

माझा त्रास पॅनिकचा, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचा. ईसीजी तीनदा नॉर्मल, तरी पर्समध्ये पाण्याची बाटली नसेल तर मी कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नव्हते.

चौथ्या सेशनला थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, वही वाचा. मॅडम गुजराती, माझी वही मराठी. मंगळ बाजारात धडधड झाली तेव्हाचं वाक्य होतं, "मी आता जाते." मी गुजरातीत सांगितलं, हुं हवे जवानी. त्यांनी शांतपणे विचारलं, क्यां? म्हणजे कुठे? मी गप्प. दोन वर्षं रोज मनात येणारं वाक्य, पण "मरणार" हा शब्द मी कधी तोंडातून काढलाच नव्हता, तो काढला आणि जे रडू फुटलं ते आवरेचना. विश्वास किती? ९५. मग म्हणाल्या, चला, दोघी मिळून एक मिनिट जोरजोरात श्वास घेऊ. खरं सांगते, राग आला, रडणाऱ्या बाईला हे काय करायला लावतात. पण मिनिट व्हायच्या आत बोटांना मुंग्या, छाती आवळलेली, डोकं हलकं, सगळं तेच मंगळ बाजारातलं, इथे पंख्याखाली खुर्चीत बसून. थांबले तसं आपोआप उतरलं, बाटलीला हात न लावता. अशा जोरजोराच्या श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याच्या त्या मुंग्या. धडधडीला आपण मरण समजतो, मग भीतीने अजून धडधड, हे चक्र मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्कनी १९८६ मध्येच मांडलंय. मला मात्र ते त्या खुर्चीत कळलं.

त्यानंतर मी सगळ्यांना सांगत सुटले की गोळ्या नकोत, थेरपी घ्या. ते चुकलंच माझं. सहा महिने मीही गोळ्या घेत होते, फक्त सांगत नव्हते. कशाने किती फरक पडला, मला खरंच वेगळं करून सांगता येत नाही.

"मग आता पूर्ण बरी ना?" मंगळ बाजारात एकटी जाते. नवरात्रीत मात्र हातात पास असून गरब्याच्या गेटवरून परत आले, आत ढोल वाजत होता. वही दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली. वाक्य तेच. विश्वास, ६०.